भालकीचा तह आणि लांबलेल्या युद्धाचा जमाखर्च

दिवाळीच्या पाडव्यास आपण जुन्या वह्या मिटतो व नव्या उघडतो. त्या वेळी येणे किती, देणे किती, बुडीत किती, याचा छडा लावल्याविना मनास स्वस्थता लाभत नाही. व्यापारी मनुष्याची ही सवय इतिहासाच्या वाचनात मात्र कुठे हरवते कोण जाणे! लढाई कोणत्या तिथीस झाली, कोणत्या सरदाराने समशेर गाजविली, तहात किती लाखांचा मुलूख मिळाला, एवढे आपण आवडीने वाचतो. तो मुलूख मिळविण्यास खर्च किती आला, रक्कम कोणी पुरविली, व्याज कोणी भरले आणि तहात लिहिलेला आकडा प्रत्यक्षात वसूल झाला की नाही, हे प्रश्न आपण विचारीत नाही. प्रस्तुत लेखात ते विचारण्याचा अल्प प्रयत्न आहे. आणि त्यासाठी उदाहरण दूरचे घेण्याचे कारणही नाही. आपले खटकचिंचोळी ज्या भालकी तालुक्यात आहे, त्या भालकीच्या नावाने इतिहासात एक तह नोंदलेला आहे. तो इसवी सन १७५२ च्या नोव्हेंबरात पेशवा बाळाजी बाजीराव आणि हैदराबादचा सलाबतजंग यांच्यामध्ये झाला.

मराठे व निजाम ही दोन शेजारी राज्ये. निजामुल्मुल्काने १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईत मुबारिजखानाचा पराभव करून दक्षिणेत आपली स्वतंत्र सत्ता स्थापिली. तेव्हापासून १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईपर्यंत, म्हणजे सुमारे सत्तर वर्षे, ही दोन राज्ये थांबून थांबून लढत राहिली. मधून मधून तह झाले, मेजवान्या झाल्या, पोशाख व हत्ती यांची देवाणघेवाण झाली, क्वचित तिसऱ्या शत्रूविरुद्ध दोघांची फौज एकत्रही चालली. पण मूळ तंटा मिटला नाही. तीन पिढ्या शेतकऱ्याने व पेठकऱ्याने तो अंगावर झेलला.

तो तंटा होता तरी कशाचा? त्याचे उत्तर आपल्या धंद्यातील मनुष्यास चटकन समजेल, कारण तो सरळसरळ भागीदारीचा तंटा होता. १७१९ साली बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्या दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या होत्या : औरंगाबाद, वऱ्हाड, खानदेश, विजापूर, हैदराबाद आणि आपला बीदर. या सहा सुभ्यांचे उत्पन्न कागदावर सुमारे १८ कोटी रुपये धरलेले होते. त्यावर शेकडा २५ चौथाई व शेकडा १० सरदेशमुखी, मिळून शेकडा ३५ मराठ्यांचे, उरलेले सुभेदाराचे. बदल्यात मराठ्यांनी १५,००० घोडदळ ठेवून मुलखाचा बंदोबस्त राखावयाचा, असे ठरले होते. पुढे मराठ्यांच्या पदरी पडलेल्या चौथाईचीही वाटणी होत असे : चौथा हिस्सा राजबाबती, उरलेल्या तीन हिश्श्यांतून शेकडा सहा साहोत्रा, शेकडा तीन नाडगौडा, आणि बाकीचा मोकासा सरदारांचा. आमच्या एखाद्या आडतीच्या पट्टीवर हमाली, तोलाई, दलाली, धर्मादाय यांच्या जितक्या ओळी असतात, तितक्याच त्या काळच्या गावच्या वसुलावर असत. त्या प्रत्येक ओळीमागे मात्र एकेक भालेकरी उभा असे.

या व्यवस्थेस दुअंमल म्हणत. एकाच गावात एक अंमल मोगलाई, दुसरा मराठ्यांचा. पाटलाने दोघांचे कामाविसदार सांभाळावयाचे, दोघांच्या घोड्यांस चंदी-वैरण घालावयाची. वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या गावावर दोघांचा हक्क, ते गाव जाळले तर दोघांचेही नुकसान होते. निजामाच्या मुलखात मराठ्यांनी शंभर रुपयांच्या उत्पन्नाची राखरांगोळी केली, की त्यांत पस्तीस रुपये त्यांचेच जळत. आणि चौथाई चुकविण्यासाठी निजामाने स्वतःचाच मुलूख उजाड पडू दिला, तर त्याचे पासष्ट जात. दोघेही हे पुरते जाणून होते, तरीही दोघे ते करीत राहिले. शेजाऱ्यांच्या लांबलेल्या युद्धाचा हा सर्वांत चमत्कारिक भाग मला वाटतो. परक्या दूरच्या शत्रूचे नुकसान ते निव्वळ त्याचे. शेजाऱ्याच्या नुकसानीत मात्र आपली उधारी, आपले गिऱ्हाईक आणि आपला मालाचा रस्ताही बुडतो.

आरंभीचे युद्ध स्वस्त होते, हेही सांगितले पाहिजे. पालखेडच्या मोहिमेत थोरल्या बाजीरावाने निजामाशी समोरासमोर तोफांची झुंज घेतलीच नाही. जालना, खानदेश, गुजरात असा घोडदौडीचा फेरा मारून त्याने निजामास मागे ओढले. त्याच्याशी धावाधाव करण्यासाठी निजामास आपल्या अवजड तोफा मागे टाकाव्या लागल्या. आणि १७२८ च्या फेब्रुवारीत पालखेडजवळ निजामाचे पाणी व रसद दोन्ही तुटली. मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह झाला. या पद्धतीत शिलेदार आपला घोडा घेऊन येई, दसऱ्यास निघे, पावसाळ्यापूर्वी परते, आणि पोट बव्हंशी वाटेवरच्या मुलखावर भरी. सरकारी खजिन्यास हे परवडे. वाटेवरच्या मुलखास काय परवडे, ते निराळे. तरीही खुद्द बाजीरावास कर्जाचा विळखा जन्मभर सुटला नाही, हे त्याच्या पत्रव्यवहारावरून स्पष्ट दिसते. स्वस्त युद्धाची ही कथा, तर महागाचे काय बोलावे!

महाग युद्ध १७५१ साली आले. सलाबतजंगाच्या पदरी फ्रेंच सेनापती बुसी होता व त्याच्याजवळ कवायती पायदळ आणि जलद मारा करणाऱ्या तोफा होत्या. त्या नोव्हेंबरात ग्रहणाच्या रात्री कुकडी नदीच्या काठी या तोफांनी मराठी छावणीची दाणादाण उडविली. पण कवायती शिपाई हा शिलेदार नव्हे. त्यास दरमहा रोख पगार लागतो. पीक येवो न येवो, लढाई होवो न होवो. निजामाच्या खजिन्यात ती रोकड नव्हती. १७५२ च्या एप्रिलात, सैन्य हैदराबादकडे परतत असता, सलाबतजंगाचा दिवाण रामदासपंत, ज्यास राजा रघुनाथदास हा किताब होता, त्यास थकलेल्या पगारासाठी खवळलेल्या त्याच्याच शिपायांनी ठार केले. ती जागा भालकी होय. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच भालकीस सलाबतजंगाने बागलाण, खानदेश व पश्चिम वऱ्हाडाचा तापी-गोदावरीमधील मुलूख मराठ्यांस लिहून दिला. एप्रिलात पगार नाही म्हणून दिवाण गेला, नोव्हेंबरात प्रांत गेले. पुढील वर्षी बुसीच्या पलटणींच्या खर्चासाठी पूर्व किनाऱ्यावरील उत्तर सरकार प्रांत फ्रेंचांस तोडून द्यावे लागले. ते फ्रेंचांकडून शेवटी इंग्रजांकडे गेले व निजामाकडे कधीही परतले नाहीत. पगाराच्या थकबाकीपोटी समुद्रकिनारा गेला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मराठ्यांनी यातून धडा घेतला तो असा, की आपणही तोफा व गारदी ठेवावे! इब्राहिमखान गारदी, जो पूर्वी निजामाच्याच चाकरीत होता, तो पेशव्यांकडे आला. १७५७ च्या डिसेंबरात सिंदखेडच्या मोहिमेअंती २५ लाखांचा मुलूख व नळदुर्ग किल्ला पदरात पडला. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरजवळ सदाशिवरावभाऊंनी निजामास कोंडले व ६० लाखांचा मुलूख, त्याशिवाय अशीरगड, दौलताबाद, बऱ्हाणपूर व विजापूर ही ठाणी तहात घेतली. उदगीर आपणास पायाखालचे गाव. तेथील किल्ला पाहावयास गेलेला मनुष्य या ६० लाखांच्या आकड्याने सहज दिपून जातो. पण हिशेबनीस विचारील : जमा कोणत्या खाती पडली? न्यायमूर्ती रानडे यांनी पेशवे दप्तराच्या आधारे दाखविले आहे की, १७४० ते १७६० या वीस वर्षांत पेशव्यांनी सुमारे दीड कोट रुपये कर्ज काढले व त्यास शेकडा १२ पासून १८ पर्यंत व्याज पडे. उदगीरचा मुलूख ताब्यात येऊन त्याचा पहिला वसूल पुण्यास पोहोचण्यापूर्वीच तीच फौज, तेच गारदी व तेच भाऊसाहेब उत्तरेकडे रवाना झाले होते.

पुढची कथा सर्वांस ठाऊक आहे; मी केवळ तिच्यातील पैशाची बाजू सांगतो. दिल्ली हाती आली तेव्हा फौजेचा पगार भागविण्यासाठी दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत उतरवून नाणी पाडावी लागली. त्यातून सुमारे ९ लाख रुपये निघाले. एवढ्या सैन्यास ते कितीसे पुरणार! रसद व रक्कम जमविण्यासाठी धडपडणारा गोविंदपंत बुंदेला डिसेंबरात मारला गेला आणि छावणीत उपासमार सुरू झाली. १४ जानेवारी १७६१ रोजी जे झाले, त्याची वार्ता दक्षिणेत प्रथम एका सावकारी पत्रातून आली, असे सांगतात. त्या पत्रात माणसांची गणती मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या भाषेत केली होती. सावकाराने मृतांची नोंदही नाण्यांच्या परिभाषेत करावी, हे वाचून अंगावर काटा येतो. पण त्याच्यापाशी दुसरी कोणती परिभाषा होती? आणि त्या मोहिमेच्या हुंड्या तरी कोणी लिहिल्या होत्या?

या ठिकाणी आपल्या समाजाच्या पूर्वजांविषयी दोन शब्द स्पष्ट लिहिणे मला अवश्य वाटते. युद्ध राजे करतात, व्यापारी बिचारा त्यात भरडला जातो, एवढेच आपण सांगत आलो तर ती अर्धी वही वाचल्यासारखे होईल. १६५८ साली शाहजादा मुराद दिल्लीच्या तख्तासाठी निघाला, तेव्हा अहमदाबादचे प्रख्यात जैन जवाहीर शांतिदास झवेरी यांच्या घराण्याकडून व त्यांच्या भागीदारांकडून त्याने साडेपाच लाख रुपये घेतले. मुराद लवकरच कैदेत पडला. ते कर्ज बुडावयाचे, पण शांतिदासांनी विजयी औरंगजेबाकडून परतफेडीचा हुकूम मिळविला. ही चतुराई सर्वांस साधत नाही. मुर्शिदाबादचे जगत्‌सेठ हे ओसवाल जैन घराणे, नबाबाच्या वसुलाचे व टांकसाळीचे व्यवहार पाहून अपार श्रीमंत झाले. आणि १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांनी त्यांची कोठी लुटली. आम्ही मराठी भाषिक जैन त्या प्रसंगी लुटणाऱ्यांच्या भाषेचे की लुटले गेलेल्यांच्या धर्माचे, असा प्रश्न एकदा माझ्या मुलाने मला विचारला होता. त्यास मी उत्तर दिले नाही.

असो. पानिपतानंतरची तीन वर्षे आपल्या भागासाठी सर्वांत वाईट गेली. १७६१ च्या अखेरीस निजामाने चढाई करून गोदाकाठचे टोके उद्ध्वस्त केले व तो पुण्याजवळ उरुळीपर्यंत आला. तहात मराठ्यांस मुलूख परत द्यावा लागला. १७६३ मध्ये त्याने खुद्द पुणे जाळले व लुटले. मराठ्यांनी त्याच्या मुलखात शिरून हैदराबादच्या परिसरात तेच केले. दोघांच्या राजधान्यांचे रक्षण करावयास दोघांचीही फौज घरी नव्हती. दोन्ही फौजा एकमेकांच्या घरी होत्या! त्या वर्षीच्या १० ऑगस्टला राक्षसभुवनास निजामाचा पराभव झाला, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला, आणि तहात ८२ लाखांचा मुलूख ठरला. यात उदगीरचे ६० लाख पुन्हा धरलेले होते. म्हणजे तोच मुलूख तीन-साडेतीन वर्षांत हातोहात फिरला. १७६० साली जी रयत निजामाची, तीच काही महिन्यांनी पेशव्यांची, मग पुन्हा निजामाची, मग पुन्हा पेशव्यांची. प्रत्येक फेऱ्यात नवा कामाविसदार येई, आणि जुन्यास भरलेल्या रकमेची पावती तो मानीलच याची शाश्वती नसे. त्याच १७६३ मध्ये पदच्युत सलाबतजंग बीदरच्या किल्ल्यात कैदेतच मृत्यू पावला. भालकीचा तह लिहून देणाऱ्याचा शेवट भालकीहून एका मजलेवर झाला.

फौजेच्या नुसत्या वाटचालीने मुलखाचे काय होत असेल, याचा अंदाज आडत्याच्या पद्धतीने करून पाहू. समजा, पन्नास हजार घोडी मांजरा-कारंजाच्या खोऱ्यातून चालली आहेत. एका घोड्यास दिवसास दोन किलो हरभरा धरला, तर रोजचे १,००० क्विंटल झाले. लमाणाचा एक बैल अदमासे एक क्विंटल ओझे वाहतो; म्हणजे केवळ घोड्यांच्या हरभऱ्यासाठी रोज हजार बैलांची खेप हवी. माणसांची ज्वारी, तोफांचे बैल, हत्ती आणि बाजारबुणगे यांचे खाणे निराळेच. एवढा माल एक महिना कोणत्याही पेठेतून निघू शकत नाही. तो शेतकऱ्याच्या पेवातून निघतो, आणि पेव उपसले की त्यात पुढल्या वर्षाचे बियाणेही जाते. म्हणून लढाईच्या वर्षापेक्षा तिच्या पुढचे वर्ष अधिक कठीण. सरकारे हे ओळखून होती. उजाड गावांस कौल देऊन काही वर्षे सारा कमी घेत, तगाई देत. लमाणांच्या तांड्यांस दोन्ही बाजू सहसा अडवीत नसत, कारण त्यांच्यावाचून दोन्ही छावण्या उपाशी पडल्या असत्या. इतरांच्या मालास मात्र नाक्यानाक्यावर जकात, वाटेत लुटीची धास्ती, आणि म्हणून हुंडणावळ व विमा चढा. भाव कमी झाल्याने व्यापार बुडत नाही. माल कधी पोहोचेल हे सांगता न येण्याने बुडतो. हे आपणापैकी ज्यांनी गाड्या अडकून पडलेल्या पाहिल्या आहेत, त्यांस सांगावयास नको.

आता अखेरची लढाई. थकलेल्या चौथाईची मागणी नाना फडणिसांनी लावून धरली, निजामअलीच्या दिवाणाने, मुशीरुल्मुल्काने, ती उडवून लावली. निजामअलीने बीदरास फौज जमविली व तेथून तो पश्चिमेकडे निघाला. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याजवळ गाठ पडली. ग्रँट डफच्या अंदाजाप्रमाणे मराठ्यांकडे एक लक्ष तीस हजारांवर व निजामाकडे एक लक्ष दहा हजार सैन्य होते. एवढ्या प्रचंड जमावाच्या मानाने प्रत्यक्ष लढाईत माणसे फारशी पडली नाहीत. रात्री घबराट होऊन निजामाची फौज पांगली, आणि निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात पाण्यावाचून कोंडला गेला. तहात ३ कोटी रुपये, सुमारे ३५ लाखांचा मुलूख आणि खुद्द मुशीरुल्मुल्क ओलीस, एवढे ठरले. कागदावर यापेक्षा मोठा नफा मराठ्यांनी निजामाकडून कधी कमावला नव्हता.

वसूल काय झाला? त्याच ऑक्टोबरात सवाई माधवराव वारले. गादीच्या भांडणात निजामाचे पाठबळ मिळावे म्हणून १७९६ च्या महाडच्या करारात खर्ड्याच्या मागणीचा मोठा भाग सोडून देण्यात आला, व ओलीस ठेवलेला दिवाणही सुटला. दोन वर्षांनी, १ सप्टेंबर १७९८ रोजी, पराभवाने धास्तावलेल्या निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली : सहा पलटणी, वार्षिक खर्च २४,१७,१०० रुपये. चार वर्षांनी वसईस दुसऱ्या बाजीरावानेही सहा पलटणी घेतल्या व त्यासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. सत्तर वर्षे ज्या चौथाईसाठी दोघे लढले, तिच्याहून पक्की चौथाई दोघेही आता कलकत्त्यास भरू लागले. आणि तिच्यात थकबाकी चालत नसे. खर्ड्याच्या वेळी इंग्रज तटस्थ राहिले म्हणून निजाम चिडला होता. त्या तटस्थतेत इंग्रजांनी एक पैही खर्च केली नाही, हे मात्र त्याच्या ध्यानात उशिरा आले. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. निजामाची गादी टिकली, पण फौजेच्या खर्चापायी तो पामर कंपनीसारख्या पेढीच्या कर्जात सापडला, आणि १८५३ मध्ये फौजेच्याच थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांकडे लावून द्यावा लागला.

ही केवळ अठराव्या शतकाची गोष्ट आहे, असे कोणी समजू नये. इराण व इराक हे दोन शेजारी २२ सप्टेंबर १९८० ला लढू लागले व २० ऑगस्ट १९८८ ला थांबले. आठ वर्षांत लाखो माणसे मेली, दोघांची तेलाची बंदरे व शुद्धीकरणाचे कारखाने जळाले, आखातातील तेलवाहू जहाजांवर हल्ले झाले व जहाजांच्या विम्याचे दर भडकले. सरहद्द शेवटी जवळजवळ होती तेथेच राहिली. इराक मात्र कुवेत व सौदी अरेबियाचा मोठा ऋणको होऊन बसला; आणि ऑगस्ट १९९० मध्ये त्याने आपला सावकार कुवेत हाच गिळंकृत करण्याचा प्रयत्न केला. त्या वेळी कुवेतमधून एक लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. धनकोवर धाड घालणारा ऋणको भालकीच्या रामदासपंताच्या शिपायांपेक्षा फार निराळा नव्हे. आणि २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध पेटले, तेव्हा सूर्यफुलाच्या तेलाचा डबा आपल्या किराणा दुकानांत कोणत्या भावाने विकावा लागला, हे आपल्या वह्यांतच लिहिलेले आहे. ते तेल मुख्यतः युक्रेनहून येत असे.

एवढ्या तहांपैकी भालकीच्या तहाने ठरलेली सीमा किती दिवस टिकली, असे कोणी विचारील. पाच वर्षांत सिंदखेडच्या तहाने ती मागे पडली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर, निलंगा व अहमदपूर मराठी मुलखाकडे गेले आणि भालकी, हुमनाबाद, औराद व बीदर म्हैसूर राज्यात आले. त्या वाटणीत शब्दांची लढाई पुष्कळ झाली, तोफ एकही उडाली नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू होऊन राज्यांच्या सरहद्दीवरील करवसुलीचे नाकेही उठले. आज भालकीच्या बाजारातून तुरीची गाडी सकाळी निघते व दुपारच्या आत उदगीरच्या मोंढ्यात उतरते. वाटेत तिला कोणी चौथाई मागत नाही.